सिनेमाच्या नावातला फॉन्ट: सगळं जुळतंय, ‘ल’ सोडून

कोथरूडकर
एका मराठी सिनेमाच्या पोस्टरवर नाव आहे तशाच अक्षरांत एकांकिकेचा फ्लेक्स करायचाय. अक्षरं जाड, गोलसर, आतल्या पोकळ्या म्हणजे नुसत्या चिरा. एक मोफत फॉन्ट बराच जवळ जातो, पण पोस्टरवरचा ल पाकळीचा आणि माझा दंडाचा. फोटोवरून फॉन्ट सांगणाऱ्या साइट्स इंग्रजी फॉन्टचीच नावं देतात. फॉन्ट कसा ओळखायचा?

खिळेजुळारी
ल वरून फॉन्ट बाद करू नका. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठी वळण. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी रूपच दिसतं. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेस, टाइप, तिथे ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा. मग कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी. तरी ल बदलला नाही तर ग्लिफ्स पॅनेलमध्ये (तिथे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दिसतात) शोधा.

पोकळ्यांच्या चिरा म्हणताय, तर आधी ‘मोदक’ हा फॉन्ट लावून बघा. ‘बलू २’ गोलसर असला तरी पोकळ्या मोकळ्या असतात, अगदी ८०० वजनात, म्हणजे सगळ्यात जाड रूपातही. दोन्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, गूगल फॉन्ट्सवर मोफत.

शिरोरेघ
त्याआधी हा फॉन्टच आहे का, ते बघा. नावात एकच अक्षर दोनदा आलंय का? चित्र ४०० टक्के मोठं करा, एक अक्षर कापून दुसऱ्यावर ५० टक्के पारदर्शक ठेवा. तंतोतंत बसलं तर फॉन्ट. टोकं, काना, गाठ इकडेतिकडे झाली तर हाताने काढलेलं, मग शोधत बसण्यात अर्थ नाही. र आणि रु मात्र एकमेकांशी ताडून पाहू नका, उकाराने र चं रूपच बदलतं.

मराठी नाटक-सिनेमाची नावं हाताने रेखाटायची जुनी रीत आहे. कमल शेडगे यांचं काम आठवा. आजही पुष्कळदा फॉन्टचं आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) एखादी वेलांटी ताणतात, शिरोरेघ तोडतात. म्हणून वेलांटी जुळली नाही तरी चालेल. क ची गाठ, म चा कोपरा आणि शिरोरेघेची जाडी जुळायला हवी.

कोथरूडकर
र दोनदा आहे, दोन्ही अगदी तंतोतंत बसले. ‘मोदक’च निघाला! भाषा मराठी केल्यावर ल पण पाकळीचा आला. पण अक्षरं जरा सुटी केली तर शिरोरेघ तुटतेय.

खिळेजुळारी
तुटणारच. देवनागरीत शेजारच्या दोन अक्षरांच्या रेघा टोकाला टोक लावून जोडलेल्या असतात. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यावर ठेवा. अंतर हवंच असेल तर आधी आउटलाइन करा, अक्षरं सरकवा, वर एक आयत टाकून पाथफाइंडर पॅनेलमधल्या युनाइटने सगळे आकार एकत्र जोडा.

पेठेतला
फ्लेक्सवाल्याकडे आउटलाइन केलेली पीडीएफच द्या. पेठांतल्या बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉ सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन आणि श्रीलिपीचे युनिकोड नसलेले, म्हणजे अक्षरांचे संकेत वेगळे असलेले फॉन्ट असतात. तुमचा मजकूर तिथे चिकटवला की चौकोन येतात किंवा जोडाक्षरं सुटतात. आणि आउटलाइन करायच्या आधीची फाइल वेगळी सेव्ह करा, प्रयोगाची तारीख बदलली की तीच लागते.