सिंधू आणि सुमेर येथील मानवी मूर्तींची तुलना वर्गात कशी करावी?

बोरीकाठ (अमळनेर):

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात पडद्यावर दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावली: एक मोहेंजोदडोच्या कांस्य नर्तकीचे आणि दुसरे इराकमधील तेल अस्मर येथे सापडलेल्या, छातीशी हात धरून उभ्या असलेल्या दाढीवाल्या पुरुषाचे. मुलांनी नर्तकीला ‘जिवंत’ म्हटले आणि सुमेरच्या (म्हणजे प्राचीन दक्षिण इराकच्या) पुरुषाला ‘बाहुला’. त्यावर मी उंची सांगितली. नर्तकी अवघी १०.५ सेंमी, तर तेल अस्मरच्या मूर्तींपैकी सर्वांत उंच ७२ सेंमी. तेव्हा एका मुलीने विचारले, “म्हणजे आपल्याकडच्या लोकांना मोठी मूर्ती घडवता येत नव्हती का?”

प्रश्न रास्त होता आणि मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. दोन्ही संस्कृतींचा एकमेकींशी व्यापार होता, सुमेरच्या उर येथील थडग्यांत सिंधू खोऱ्यातले कार्नेलियनचे (लालसर अकीकाचे) मणी मिळाले आहेत, मग माणसाची आकृती घडवण्याची रीत इतकी वेगळी का? कोणाला श्रेष्ठ आणि कोणाला कनिष्ठ न ठरवता ही तुलना कशी मांडावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तापीकाठ (शहादा):

ताई, मुलांच्या ‘बाहुला’ या शब्दापासूनच सुरुवात करा, कारण त्यांनी पाहिले ते बरोबर पाहिले आहे. फक्त तसे का घडवले, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तेल अस्मरच्या बारा मूर्ती १९३३-३४ च्या हंगामात पुरातत्त्वज्ञ हेन्री फ्रँकफर्ट यांच्या चमूला मंदिराच्या जमिनीखाली पुरलेल्या मिळाल्या. त्यांत दहा पुरुष आणि दोन स्त्रिया आहेत. त्यांचे डोळे शंख-शिंपल्याचे असून बुबुळे काळ्या दगडाची आहेत, एकीत लाजवर्द हा निळा दगडही वापरलेला आहे, आणि हे सारे डांबराने चिकटवलेले आहे. बहुतेकांचे शरीर जिप्सम या मऊ दगडाचे, खालचा झगा जवळजवळ शंकूसारखा, आणि कारागिराची सारी मेहनत चेहऱ्यावर व डोळ्यांवर एकवटलेली. ज्या भक्ताला दिवसरात्र देवापुढे उभे राहणे शक्य नव्हते, त्याच्या जागी ही मूर्ती देवाकडे टक लावून उभी राहावी, असा तिचा हेतू अभ्यासक मानतात. ज्याला अखंड जागे राहायचे आहे त्याच्या पायांची लय दाखवण्याचे कारागिराला कारण नव्हते.

आपल्या मुलांना हे चटकन समजेल असा एक घरचा दाखला आहे. श्रावणात आपण कानबाई बसवतो तेव्हा नारळाला डोळे आणि नथ लावली की तिथे आई आली, असे मानतो. डोळ्यांना मूर्तीत काय वजन असते, हे खान्देशातल्या पोराला वेगळे शिकवावे लागत नाही. फरक एवढाच की आपण डोळे देवीला देतो, आणि तेल अस्मरच्या त्या मूर्ती बहुधा भक्तांच्याच असल्याने तिथे डोळे भक्ताला दिलेले आहेत.

आता याच्या शेजारी मोहेंजोदडोचा तथाकथित ‘पुरोहित-राजा’ ठेवा. उंची १७.५ सेंमी, दगड मऊ स्टिअटाइट, डावा खांदा त्रिदल नक्षीच्या शालीने झाकलेला आणि डोळे अर्धे मिटलेले. एकीकडे सताड उघडे डोळे, दुसरीकडे आत वळलेली नजर. हा फरक मला उंचीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

ओतकाम (भुसावळ):

आमच्या घरात तीन पिढ्या पितळेचे ओतकाम चालले, म्हणून मी केवळ घडणीविषयी लिहितो. नर्तकी मेण वितळवून काढण्याच्या पद्धतीने ओतलेली आहे. आधी मेणाची आकृती करायची, तिच्यावर बारीक मातीचे लेप देऊन वाळवायचे, तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा; शेवटी साचा फोडावा लागतो, म्हणून एका मेणातून एकच मूर्ती निघते. नर्तकीचा कमरेवर टेकवलेला उजवा हात दंडापासून मोकळा सुटलेला आहे आणि त्यातून आरपार दिसते. अशा बारीक जागी रस पोहोचण्याआधी गोठला तर हात अर्धवट निघतो आणि सारे काम वाया जाते. डाव्या हातात चोवीस-पंचवीस बांगड्या, उजव्या हातात चारच, आणि हे सगळे वीतभरही नसलेल्या उंचीत. ज्याने ही ओतली त्याला लहान काम सोपे म्हणून त्याने ते लहान केले, असे मी कधीच मानणार नाही.

आणि त्या विद्यार्थिनीला दायमाबादची गोष्ट अवश्य सांगा. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला चार कांस्य शिल्पे मिळाली: दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव आहेत आणि त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक आहे. त्यांच्या काळाबद्दल वाद आहे, पण अनेक अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातील, मानतात. तसे असेल तर भारी ओतकामाची ताकद त्या परंपरेत होती, हे उघड आहे.

पाटणादेवी (चाळीसगाव):

दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु एक सावधगिरी आवश्यक वाटते. ‘नर्तकी’ आणि ‘पुरोहित-राजा’ ही दोन्ही नावे विसाव्या शतकातील उत्खननानंतर पडलेली आहेत. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही, या मूर्तींवर अक्षरही कोरलेले नाही, आणि तरीही नाव ऐकताच आपण कमरेवरचा तो हात नृत्याची मुद्रा म्हणून पाहू लागतो. सुमेरमध्ये परिस्थिती उलट आहे. सुमेरमधील लगाश या नगराचा राजा गुडिया (सुमारे इ.स.पू. २१००) याच्या डायोराइट या कठीण काळसर दगडाच्या मूर्तींवर लांबलचक लेख आहेत. लूव्र संग्रहालयातील एका मूर्तीच्या मांडीवर मंदिराचा आराखडा कोरला आहे, दगड मगान देशातून, म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने, आणल्याचे लिहिले आहे, आणि मूर्तीपुढे रोज किती बिअर व किती भाकरी ठेवायची तेही नमूद आहे. एक मूर्ती बोलते आणि दुसरी गप्प आहे, हे लक्षात न घेता केलेली तुलना बोलणाऱ्याच्या बाजूला झुकते. (गुडियाचाही उजवा खांदा उघडा आहे, हे साम्य मुलांना शोधू द्या.)

आणखी एक. गुडियाच्या मूर्तीवर राजाचे नाव आहे, घडवणाऱ्याचे नाही. आमच्याकडून डोंगर चढून गेले की लागणाऱ्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत मिळालेल्या हसऱ्या, ठेंगण्या यक्षाच्या हातावर मात्र ‘कण्हदास या सोनाराने केला’ अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. तो यक्ष सिंधू संस्कृतीनंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी घडला, त्यामुळे त्याला या तुलनेत ओढू नये. पण मूर्तीकडून कोणती माहिती मिळू शकते आणि सिंधूच्या बाबतीत आपल्याजवळ नेमके काय नाही, हे त्यावरून मुलांना चांगले कळेल.

बोरीकाठ (अमळनेर):

आपणा तिघांचे मनापासून आभार. माझी चूक कुठे झाली ते आता दिसते: पडद्यावर मी दोन्ही मूर्ती एकाच उंचीच्या करून दाखवल्या, आणि तिथेच तुलना बिघडली. येत्या सोमवारी मुलांकडून जाड पुठ्ठ्यावर दोन्ही आकृती खऱ्या मापाने कापून घेणार आहे. ७२ सेंमीची आकृती भिंतीला टेकवून उभी करू आणि १०.५ सेंमीची प्रत्येकाच्या तळहातावरून फिरवू. कोणती मूर्ती कोणाकडे पाहते आहे आणि तिच्याकडे कोणी, किती अंतरावरून पाहायचे आहे, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहीन. पाटणादेवी भाऊ, नावे मी या वेळी शेवटी सांगेन.