नवीन एसएमटी लाइनसाठी ऑपरेटर निवडताना तुम्ही काय बघता?

प्रश्न (प्रॉडक्शन सुपरवायझर):
दुसरी एसएमटी लाइन (सर्किट बोर्डवर बारीक सुटे भाग मशीनने बसवणारी) येतेय, त्यामुळे हँड सोल्डरिंग आणि टेस्टिंगची टेबलंही वाढणार. एचआरला ४० ऑपरेटर एकदम भरायचे आहेत, तेही ‘दोन वर्षांचा अनुभव’ या अटीवर. अनुभवाच्या कागदावर माझा फारसा भरवसा नाही. तुम्ही नेमकं काय तपासता?

लाइन लीडर, हँड सोल्डरिंग:
हात बघा. मुलाखत लवकर उरका आणि उमेदवाराला टेबलाशी बसवा. रद्द झालेला बोर्ड, चिमटा, भिंग आणि ०६०३ या मापाचे थोडे रेझिस्टर द्या. जेमतेम १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा तुकडा, तो चिमट्यातून उडतोच. उडाल्यावर माणूस काय करतो तिथे लक्ष ठेवा. शोधतो, नाही सापडला तर सांगतो, त्याला मी डोळे झाकून घेते. गुपचूप दुसरा उचलणारा लाइनवरही गप्पच राहणार, आणि तो हरवलेला तुकडा कुठल्या तरी आयसीच्या (चिपच्या) पायांत अडकून बोर्ड शॉर्ट करणार.

अनुभवी लोकांना जरूर घ्या, पण शिशाच्या सोल्डरवर हात बसलाय का ते विचारा. ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) वितळतं १८३ अंश सेल्सिअसला, शिसेविरहित एसएसी३०५ (कथील, चांदी, तांब्याचं) साधारण २१७ च्या पुढे, आणि त्याचा जोड मुळातच मंद दिसतो. जुनी सवय असलेला माणूस शिशाच्या जोडासारखी चकाकी येईल म्हणून बिट (सोल्डरिंग आयर्नचं टोक) टेकवूनच ठेवतो आणि पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) उचकटतं.

क्वालिटी विभागातून:
रंगदृष्टी तपासाच. वायर हार्नेस, रेझिस्टरचे पट्टे, एलईडी, सगळीकडे रंग लागतो. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर पॅकिंग किंवा फीडर (मशीनला सुटे भाग पुरवणारा) भरण्याचं काम द्या, घरी पाठवू नका.
स्थिर विजेचा झटका माणसाला साधारण ३००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. नाजूक आयसी १०० व्होल्टच्या आतही जातो. म्हणून ‘मला तर काही लागलं नाही’ म्हणत नवीन माणूस अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा काढून ठेवतो. हे पहिल्याच दिवशी समजावा.

प्रश्नकर्ता:
आणि ४० एकदम?

लाइन लीडर:
अजिबात नको. शिकवणारे किती आहेत ते आधी मोजा. एकीच्या नजरेखाली चार-पाच जण राहतात, त्यापुढे तिचं लक्ष पुरत नाही. एक तुकडी स्वतःचं टेबल सांभाळू लागली की दुसरी घ्या. सुरुवातीला टार्गेट लावू नका. आणि दोन नवीन माणसं शेजारी बसवू नका, मध्ये एक जुनी बाई हवीच.