गोल चेहरा, आखूड मान आणि मुंडावळ्या : अंबाडा नेमका कुठे बांधायचा?

वधू_मार्गशीर्ष

पुढच्या महिन्यात लग्न आहे. विधींना नऊवारी, नथ, ठुशी आणि मुंडावळ्या; संध्याकाळी रिसेप्शनला शालू. चेहरा गोल, मान आखूड. शिवणाच्या टेपने मोजलं तर केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत १७ सेंमी आणि गालांवरची रुंदी १८ सेंमी भरली. केस कमरेच्या थोडे वर, सरळ आणि इतके मऊ की पिना घसरतात.

पार्लरमध्ये मानेवर मोठा अंबाडा, त्याला पूर्ण गोल गजरा आणि कानांशेजारी कुरळ्या बटा असं सुचवलंय. त्याआधी पुढून लेयर्स कापा असंही म्हणतायत. हे गोल चेहऱ्याला शोभेल का? भांग मधला की बाजूचा?

निशिगंध

आधी मापाचं. टेप गालाच्या वळणावरून फिरली की रुंदी फुगते. रुंदी सहसा लांबीहून जास्त नसते. केस पूर्ण मागे बांधा, मोबाइल नाकाच्या उंचीवर कोणाला तरी दोन मीटर लांब धरायला सांगा, झूम करून फोटो घ्या आणि फोटोवरच पट्टीने मोजा. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, म्हणून चेहरा असतो त्यापेक्षा निमुळता वाटतो.

लांबीला रुंदीने भागा. दीडच्या आसपास आलं तर चेहरा लंबगोल. सव्वाच्या खाली आलं तर गोल किंवा चौकोनी. मग जबड्याचा कोपरा बघा. कानाखालून हनुवटीकडे रेषा वळणाने गेली तर गोल, कोन करून गेली तर चौकोनी. हा फरक महत्त्वाचा, कारण चौकोनी चेहऱ्याला मऊ बटांनी जबडा झाकायचा असतो, गोल चेहऱ्याला उंची द्यायची असते.

लेयर्स आत्ता अजिबात नकोत. केस महिन्याला साधारण एक सेंमी वाढतात. हनुवटीच्या वर कापलेली बट लग्नापर्यंत अंबाड्यात पोचणार नाही, दिवसभर सुटत राहील. टोकं एक-दोन सेंमी सारखी करून घ्या, बस.

हिरवा_चाफा

मानेवरचा मोठा अंबाडा तुम्हाला नको. समोरून बघताना तो कानांच्या खाली दोन्ही बाजूंनी डोकावतो आणि नेमकी मानेची जागा भरून टाकतो. वरून ठुशी गळ्यालगत, खांद्यावर शेला. म्हणजे हनुवटीनंतर थेट दागिनेच दिसतात.

जागा अशी शोधा: हनुवटीच्या टोकापासून कानाच्या वरच्या टोकाला टेकून सरळ रेघ मागे न्या. ती डोक्याच्या मागे जिथे लागते तिथे अंबाड्याचा मध्य ठेवा. तिथून मान मोकळी राहते आणि नजर तिरकी वर जाते. आकार बेताचा हवा, समोरून कानांच्या बाहेर जराही दिसू नये. शेंड्यांचा जाड गोळा होत असेल तर केस दोन भागांत पिळून एकावर एक चपटे बसवा.

गजरा पूर्ण गोल गुंडाळला की दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंमी रुंदी वाढते, आणि चेहऱ्यामागे दुसरं वर्तुळ तयार होतं. त्यापेक्षा वरच्या अर्ध्या भागात चंद्रकोरीसारखा लावा, दोन पदर पुरतात. गळ्यात ठुशी असताना गजऱ्याच्या लडी कानामागून पुढे सोडू नका.

टाळूवर दोन-अडीच सेंमी उठाव द्या. कपाळापासून चार बोटं केस सोडून, त्यामागच्या केसांच्या दीड-दोन सेंमी जाडीच्या तीन-चार पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टी उभी धरून मुळाजवळच्या चार-पाच सेंमीतच बारीक कंगव्याने तीन-चार वेळा उलटं विंचरा. पूर्ण लांबीभर केलं तर रात्री गुंता सोडवताना केस तुटतात. मग पुढचे सोडलेले केस त्यावरून हलक्या हाताने मागे न्या. उठाव कपाळाच्या रेषेवरच दिला तर तो फुगा दिसतो, चेहरा लांब वाटत नाही.

काळी_पिन

पिना घसरतात त्याचं कारण बहुतेक वेळा त्याच दिवशी धुतलेले केस. आदल्या दिवशी धुवा, कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या केसांना, तेल-सीरम नको. काळी पिन घालताना नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा. पकड तीच करते. घालण्याआधी पिनेवर थोडा स्प्रे मारून वाळू द्या. अंबाड्यासाठी आधी पोनी बांधाल, तिच्या मुळाशी चारही बाजूंना दोन-दोन पिना फुलीसारख्या अडकवा. अंबाड्याला आकडे (यू आकाराच्या पिना) वेगळे: आकड्याच्या टोकांनी अंबाड्याच्या कडेचे केस उचला, टोकं कडेच्या बाहेर डोक्याला टेकवा, मग आकडा उलटा फिरवून मध्याकडे सरकवा. इतक्या लांब केसांना दहा-बारा आकडे लागतील.

पोनी ताणून बांधू नका. गजरा आणि सोन्याचं फूल चढल्यावर सगळा भार त्याच मुळांवर येतो आणि दुपारपर्यंत डोकं ठणकतं. भुवया वर उचलून बघा. कपाळाची कातडी ओढल्यासारखी वाटली तर रबर सैल करा.

निशिगंध

मुंडावळ्यांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, आणि गोल चेहऱ्याचं निम्मं गणित तिथेच आहे. कपाळावरची आडवी सर चेहरा कापते. ती कपाळाच्या मध्यावर बसली तर चेहरा आखूडच दिसणार; केसांच्या रेषेला लागून बांधा, म्हणजे चंद्रकोर टिकलीलाही जागा राहते. दोन्ही बाजूंच्या लडी मात्र तुमच्या फायद्याच्या, कारण त्या गालांच्या बाहेरच्या कडा झाकून उभी रेघ देतात. लांबी हनुवटीच्या खाली चार बोटं हवी. गालाच्या फुगीर भागापाशी संपणाऱ्या आखूड लडी नजर नेमकी तिथेच थांबवतात. विकत घेताना लावूनच बघा.

दोरा कानांच्या वरून मागे नेऊन अंबाड्याच्या खाली गाठ मारा, आणि प्रत्येक कानाच्या दोन बोटं वर केसांच्या रंगाच्या पिनेने दोरा अडकवा. मऊ केसांवरून तो हमखास डोळ्यांवर उतरतो.

म्हणूनच विधींच्या वेळी कानांशेजारच्या बटा सोडू नका. लडी तेच काम करतात, आणि बटा मण्यांत अडकल्या की हार घालताना ओढल्या जातात. रिसेप्शनला मुंडावळ्या नसतील, तेव्हा एकेक सेंमी रुंदीची बट काढा. लांबी हनुवटीच्या खाली, वळण चेहऱ्यापासून बाहेर.

भांगाबद्दल: गोल चेहऱ्याला मधला भांग चालत नाही असं सरसकट म्हणतात ते खरं नाही. दोन्हीकडे चपटे बसवलेले केस चालत नाहीत. भांगात कुंकू भरायचं असेल तर मधलाच ठेवा आणि मागे उठाव द्या.

हिरवा_चाफा

भांगावर मी थोडं वेगळं सांगेन. नथ डाव्या नाकपुडीत, म्हणजे डावा गाल आधीच भरलेला. भांग मध्यापासून दोन-तीन सेंमी डावीकडे काढला तर केसांचा उठाव उजवीकडे येतो आणि तोल साधतो. मधल्या भांगाने दोन्ही अर्धे सारखे पडतात आणि नथेची बाजू जड वाटते. घरातल्या रीतीला मधलाच भांग लागत असेल तर अर्थात तोच.

वधू_मार्गशीर्ष

फोटोवर मोजलं, १.१८ आलं आणि जबडा वळणदार आहे, म्हणजे गोलच. दोन्ही भांग काढून बघते. करवली म्हणून धाकटी बहीण असेल. तिचा चेहरा लांबट, कपाळ मोठं. तिला माझ्यासारखीच केशरचना केली तर?

हिरवा_चाफा

तिला जवळजवळ सगळं उलटं. टाळूवर उठाव नको, अंबाडा खाली मानेवर आणि रुंद, गजरा पूर्ण गोल, दोन्ही कानांमागे फुलं दिसतील असा. कपाळासाठी साधना कट आठवा. रुंद कपाळ झाकायला साधनाने १९६० मध्ये पुढे घेतलेल्या त्या बटा. करवलीला मुंडावळ्या नसतात, त्यामुळे भुवयांपर्यंतची हलकी झालर तिला खुशाल चालेल. कापायची नसेल तर बाजूचा भांग काढून केस कपाळावरून तिरके न्यावेत.

काळी_पिन

ट्रायल निदान दोन आठवडे आधी करा आणि नथ, ठुशी, मुंडावळ्या, शेला सगळं घालूनच करा. नुसत्या अंबाड्याचा फोटो उपयोगाचा नाही. समोरून, तिरका, बाजूने आणि मान खाली घालून असे चार फोटो काढा. विधींत बराच वेळ मान खालीच असते. मग तासभर तशाच बसा, कुठे टोचतं ते तेव्हाच कळेल.

आणि स्प्रे पाव मीटर अंतरावरून मारा, होमाजवळ बसण्याआधी पूर्ण वाळू द्या. ओला असताना तो पेट घेतो. मधेच एखादी बट सुटली तर मंडपात स्प्रे काढू नका, पिनेनेच बसवा. तीन-चार जादा काळ्या पिना करवलीकडे देऊन ठेवा.