हेतू सिद्ध होत नाही, ही सूट फक्त वरच्यांनाच का?

उंबरठा (धागाकर्ता)
काल एका सभासदाने लिहिलं: "अमेरिकेत बड्या नेत्यांकडून गुप्त कागदांच्या बाबतीत चुका झाल्या. हेतू सिद्ध होत नाही, म्हणजे गुन्हा नाही. विषय संपला." ते 'विषय संपला' वाचून डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१९१७ च्या हेरगिरी कायद्यातलं कलम ७९३ एकदा उघडून वाचा. पोटकलम (डी) आणि (ई) मध्ये 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. (एफ) मध्ये 'घोर निष्काळजीपणा' आहे. तुमच्या हाती सोपवलेला संरक्षणविषयक कागद घोर निष्काळजीपणामुळे जागेवरून हलला, हरवला, चोरीला गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. कायदा करणाऱ्यांनी दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या त्या उगाच नाही.

आता ५ जुलै २०१६ आठवा. माजी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या खाजगी सर्व्हरवरच्या सुमारे ३०,००० मेल तपासल्या गेल्या. ५२ साखळ्यांतल्या ११० मेलमध्ये, पाठवल्या त्या वेळीच गुप्त असलेला मजकूर निघाला. ८ साखळ्या टॉप सीक्रेट. एफबीआयचे प्रमुख कोमी म्हणाले, अत्यंत बेफिकिरी होती, पण कुठलाही समंजस सरकारी वकील खटला भरणार नाही. त्यांच्या आधीच्या मसुद्यात 'घोर निष्काळजी' असे शब्द होते, म्हणजे थेट कायद्यातले. ते बदलले गेले. एक शब्द बदलला आणि अख्खं पोटकलम गळून पडलं. हे मला पचत नाही, आणि त्या बाई कुठल्या पक्षाच्या होत्या याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

नीरक्षीर
कालचा तो प्रतिसाद माझाच. 'विषय संपला' हे शब्द मागे घेतो, बाकी काही मागे घेत नाही.

मी फौजदारी वकिली करतो. तुम्ही पोटकलम वाचलंत, पण त्याच्या मागची शंभर वर्षं वाचली नाहीत. १९४१ च्या गोरिन खटल्यात हाच कायदा अतिसंदिग्ध आहे म्हणून रद्द करा अशी मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने तो वाचवला, तो आरोपीची मनःस्थिती सिद्ध करावी लागते या आधारावर. देशाचं नुकसान होईल हे ठाऊक असणं, किंवा तसं वाटायला कारण असणं. तो टेकू काढला तर 'राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित माहिती' या शब्दांत काय काय बसेल याला धरबंध राहत नाही. (एफ) मध्ये तो टेकू नाही, म्हणूनच सरकारी वकील त्याला हात लावत नाहीत. भीती वाटते म्हणून नव्हे, वरच्या कोर्टात कलमच उडेल म्हणून.

आणि कोमींनी निकष सांगितले होते: उघड उघड जाणूनबुजून केलेली हाताळणी, किंवा प्रचंड प्रमाणात कागद, किंवा देशद्रोहाची लक्षणं, किंवा तपासात अडथळा. आधीच्या खटल्यांत यातलं काहीतरी होतं. २०१८ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी सगळं तपासलं. खटला न भरण्याच्या निर्णयात राजकीय पक्षपाताचा पुरावा त्यांना सापडला नाही. राग येणं समजू शकतो. रागावर शिक्षा देता येत नाही.

कातळ
पाणबुडीवरच्या त्या नौसैनिकाचं काय मग? २००९ मध्ये यूएसएस अलेक्झांड्रियाच्या आत मोबाइलवर ६ फोटो काढले. कुणाला विकले नाहीत, हेरांना दिले नाहीत. २०१६ मध्ये एक वर्ष तुरुंग. त्याच्या आदल्याच वर्षी सीआयएचे माजी प्रमुख जनरल पेट्रेयस! युद्धाचे डावपेच, छुप्या अधिकाऱ्यांची ओळख, असल्या नोंदींच्या ८ वह्या आपलं चरित्र लिहिणाऱ्या बाईंना दिल्या. दोन वर्षं देखरेखीखाली आणि १ लाख डॉलर दंड. तुरुंग शून्य दिवस. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

नीरक्षीर
कातळ, अर्धी गोष्ट सांगू नका. त्या नौसैनिकावरचं कलम (ई) होतं, म्हणजे जाणूनबुजून. तपास सुरू झाल्यावर त्याने लॅपटॉप, कॅमेरा, मेमरी कार्ड नष्ट केलं. हेतू असाच सिद्ध होतो. माणसाच्या डोक्यात कुणी डोकावू शकत नाही, उघड झाल्यावर तो काय करतो ते बघायचं. लपवतो, फाडतो, खोटं बोलतो की स्वतःहून सांगतो.

उंबरठा
मग हीच फूटपट्टी पेट्रेयसना लावा की! वह्या नव्हत्याच दिल्या असं ते एफबीआयला सांगून बसले होते आणि वह्या त्यांच्या घरात सापडल्या. खोटं बोलणं म्हणजे हेतूचा पुरावा ना? तरी त्यांना मिळालं कलम १९२४, किरकोळ गुन्ह्याचं, तेव्हा जास्तीत जास्त एक वर्षाचं. आणि सँडी बर्गर? राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राहिलेला माणूस २००३ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातून गुप्त कागद अंगावर लपवून बाहेर नेतो, काही कात्रीने कापतो. ५०,००० डॉलर दंड, समाजसेवा, घरी. तुमचा सिद्धांत सुंदर आहे, नीरक्षीर, फक्त तो हुद्दा पाहून लागू होतो.

नीरक्षीर
पेट्रेयसच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तो सौदा चुकीचा होता. लिहिताना बोट जड होतंय, पण लिहितो. बर्गरचाही. पण नीट बघा, दोन्हीकडे हेतू सिद्ध करता येत नव्हता असं झालेलं नाही. हेतू समोर पडला होता, खटला लढायची तयारी नव्हती. तो दोष सरकारी वकिलांचा, हेतूच्या अटीचा नाही.

घारीची नजर
सगळं बोलून झालं, खऱ्या माणसाचं नाव कुणी घेईना. ट्रम्प, आणि त्यांचं मार-ए-लागोचं घर! मे २०२२ मध्ये कागद परत मागणारं समन्स, तरी खोकी हलवली गेली असं आरोपपत्रात आहे. ८ ऑगस्टला झडती आणि शंभरावर गुप्त कागद. 'अध्यक्ष असताना मी हे गुप्ततेतून मोकळं करू शकलो असतो, आता नाही' अशा अर्थाचं स्वतःचं बोलणं २०२१ मध्ये रेकॉर्ड झालेलं. याहून वेगळा हेतू कसा असतो? आणि इथली मंडळी २०१६ च्या मेल उगाळतायत. आपला तो बाब्या!

कातळ
बायडनचंही रेकॉर्डिंग आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुस्तक लिहून देणाऱ्याला सांगतात, गुप्त कागद खाली सापडले. अध्यक्ष नाहीत, उपाध्यक्ष नाहीत, भाड्याच्या घरात बसलेत. त्यांची चौकशी करणारे विशेष वकील हुर यांचा २०२४ चा अहवाल म्हणतो, जाणूनबुजून ठेवल्याचा पुरावा आहे पण संशयापलीकडे नाही, आणि ज्युरीला ते विसरभोळे, सालस म्हातारे वाटतील. विसरभोळेपणाची सवलत त्या नौसैनिकाला द्यायची होती!

घारीची नजर
बायडननी कागद परत दिले, झडतीला होकार दिला. दोन्हींची बरोबरी करणारा एकतर अडाणी असतो नाहीतर अप्रामाणिक.

कातळ
अडाणी कुणाला म्हणता? तोंड सांभाळून बोला.

उंबरठा
दोघेही थांबा. पक्षांची उणीदुणी काढायची तर दुसरा धागा काढा. घारीची नजर, मार-ए-लागोचा पुरावा सगळ्यांत भक्कम होता हे मलाही मान्य आहे. पण त्याचं काय झालं? १५ जुलै २०२४ ला न्यायाधीशांनी विशेष वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून खटला निकालात काढला. हेतूचा प्रश्न ज्युरीपुढे गेलाच नाही. मी तेच सांगतोय. वरच्या माणसाचा हेतू तपासायची वेळच येत नाही.

वाटसरू
थोडं अवांतर, पण माझ्या मते मूळ दुखणं इथेच आहे. तुम्ही सगळे धरून चालला आहात की शिक्का आहे म्हणजे आत गुपित आहे. मी सरकारी कागदपत्रांवर संशोधन करत आयुष्य काढलं. जुने कागद खुले होतात तेव्हा टॉप सीक्रेटच्या शिक्क्याखाली वर्तमानपत्रातली कात्रणं निघालेली स्वतः पाहिली आहेत. पेंटागॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धावरचा गुप्त अहवाल वर्तमानपत्रांत छापला गेला, त्या वेळी १९७१ मध्ये सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेले ग्रिस्वोल्ड. त्यांनीच १९८९ मध्ये लिहिलं की त्या प्रकाशनातून देशाच्या सुरक्षेला धोका झाल्याचा मागमूसही आपल्याला दिसला नाही. ज्याने कोर्टात धोका आहे म्हणून सांगितलं, त्याचे हे शब्द!

थॉमस ड्रेक घ्या. एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतल्या उधळपट्टीविरुद्ध बोलला. २०१० मध्ये दहा आरोप, ३५ वर्षांची टांगती तलवार. त्यातला एक कागद तर असा की शिक्के मारण्यावर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीचे माजी प्रमुखच म्हणाले, यावर शिक्का मारायलाच नको होता. २०११ मध्ये गंभीर आरोप सगळे मागे, उरला संगणकाच्या गैरवापराचा किरकोळ गुन्हा. तोवर त्याची नोकरी आणि पैसा गेला होता. उंबरठांना हवं तसं 'निष्काळजीपणा पुरे' हे तत्त्व आणा, पहिला बळी असल्या माणसाचा जाईल.

कातळ
हे पटलं. शिक्का मारणाऱ्याला मात्र कधी शिक्षा नाही. अध्यक्षांच्या २००९ च्या आदेशात स्पष्ट लिहिलंय की चूक किंवा नामुष्की झाकायला शिक्का मारायचा नाही. त्यासाठी कुणी तुरुंगात गेलंय?

वाटसरू
कसं जाईल? कमी शिक्का मारला आणि फुटलं तर नोकरी जाते, जास्त मारला तर कुणी विचारत नाही. मीही त्या खुर्चीत असतो तर तेच केलं असतं. १९९७ मध्ये सरकारी गुप्ततेवरच्या मॉयनिहान आयोगाने हे सांगून ठेवलंय.

घारीची नजर
आणि ज्याच्या हातात शिक्का काढायचा अधिकार आहे त्याचं काय? मार्च २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी येमेनवरच्या हल्ल्याच्या वेळा सिग्नल या मेसेजिंग ॲपवरच्या गटात टाकल्या, त्या गटात चुकून एक संपादक होता. बचाव काय, तर मजकूर गुप्त नव्हताच. विमानं उडायच्या आधीची वेळ गुप्त नाही? तिथे बसलेल्या वैमानिकाच्या आईला जाऊन सांगा हे.

जुनी पेटी
दोन दिवस नुसती वाचतेय. आता राहवत नाही. वाटसरूदादा, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण 'शिक्क्यांना अर्थ नाही' हे सांगायची चैन तुम्हाला आहे, आम्हाला नव्हती.

मी अकरा वर्षं संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदाराकडे काम केलं. नाव लिहीत नाही. रुजू होताना एसएफ-३१२ वर, म्हणजे गुप्तता राखण्याच्या करारावर सही घेतात. एकदा बंद खोलीतल्या बैठकीनंतर माझी वही बॅगेतून घरी आली. रात्री मुलीची शाळेची वही शोधताना हाताला लागली. पानभर माझ्याच अक्षरातल्या नोंदी, तीन ओळी गुप्त. हातपाय गार पडले. नवरा म्हणाला, सकाळी गुपचूप नेऊन ठेव, कुणाला कळणार आहे? मी रात्री अकराला सुरक्षा अधिकाऱ्याला फोन केला.

पुढचे सात महिने क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कागद हाताळायची परवानगी, निलंबित. क्लिअरन्स नाही म्हणजे काम नाही. तीन वेळा जबाब. "तुमचे नातेवाईक परदेशात आहेत ना?" हा प्रश्न प्रत्येक वेळी. माझा हेतू काय होता हे मला कुणी विचारलं नाही, नीरक्षीर. धरून चालले होते की काहीतरी असणार, आणि नाही हे मी सिद्ध करायचं. कोर्ट नव्हतं, न्यायाधीश नव्हता, तुमचं गोरिन नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या विभागाच्या प्रमुखाने आख्खा लॅपटॉप विमानतळावर विसरला. त्याला पत्र मिळालं, समज देणारं. पुढच्या वर्षी बढती.

नीरक्षीर
ताई, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्यावर अन्याय झाला. तो फौजदारी नव्हता, प्रशासकीय होता, तिथे हेतूची अट लागत नाही. हे वकील म्हणून सांगतो, समर्थन म्हणून नाही. पण उंबरठांना माझा प्रश्न तोच. तुम्ही म्हणता तशी (एफ) ची अंमलबजावणी सुरू झाली असती तर त्या रात्रीच्या फोननंतर ताई कुठे असत्या? तुम्ही लिहिलेलं 'जागेवरून हलला' हे त्यांच्या वहीला लागू होतं. एका मरीन सार्जंटच्या जिमच्या बॅगेतून गुप्त कागद चुकून घरी गेले होते, त्याची याच पोटकलमाखालची शिक्षा लष्करी अपील न्यायालयाने १९९५ मध्ये कायम ठेवली. कलम वापरलं जातं तेव्हा ते सार्जंटवरच वापरलं जातं.

उंबरठा
हा मुद्दा लागला, नाकारत नाही. सार्जंटचा खटला मला माहीत नव्हता. (एफ) सरसकट लावा हे मी आता म्हणणार नाही. ताईंनी रात्री फोन केला, तो निष्काळजीपणा घोर ठरवता येत नाही, हे धरून चालतो. पण मूळ तक्रार सोडत नाही. फोन करणाऱ्याला सात महिने घरी बसवता, तर चार वर्षं परराष्ट्रमंत्रिपद खाजगी सर्व्हरवर चालवणाऱ्यांना निदान क्लिअरन्सपुरती तरी तीच चौकशी लावा. त्याला हेतू लागत नाही असं तुम्हीच आत्ता लिहिलंत.

नीरक्षीर
त्याला माझा विरोध नाही. कोमींनीही त्याच भाषणात म्हटलं होतं की असं वागणाऱ्यावर बऱ्याचदा प्रशासकीय किंवा सुरक्षाविषयक कारवाई होते. मंत्रिपद सोडलेल्यावर ती कशी करायची याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

वाटसरू
जुनी पेटी, शिक्क्यांना अर्थ नाही असं मी म्हणालो नव्हतो. पण तुम्हाला तसं ऐकू आलं असेल तर लिहिण्यात माझी चूक. त्या तीन ओळी आज तरी खुल्या झाल्यात का?

जुनी पेटी
माहीत नाही, दादा. विचारायचा अधिकार माझ्याकडे राहिला नाही. पण त्यातली एक ओळ बैठकीच्या आदल्या आठवड्यात खात्याच्याच प्रसिद्धिपत्रकात आली होती. ते कात्रण मी तिसऱ्या जबाबाला घेऊन गेले होते. अधिकाऱ्याने बघितलं, परत दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.