निटरच्या कॅशमधून जुनेच आकडे येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आर मार्कडाउनमधल्या (मजकूर आणि आर भाषेतला कोड एकाच फाइलीत; 'निटर' हे पॅकेज तो कोड चालवून निकाल अहवालात घालतं) माझ्या अहवालात १०,००० फेऱ्यांचं बूटस्ट्रॅप (डेटामधून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन केलेली गणना) आहे. दर वेळी ४० मिनिटं जायला नकोत म्हणून त्या चंकला (कोडच्या तुकड्याला) कॅश लावली, म्हणजे निकाल साठवून पुढच्या वेळी तोच वापरायचा. कोड बदलला की तो पुन्हा चालतो, पण डेटाची सीएसव्ही फाइल बदलली तर निटरला पत्ताच लागत नाही! काल चुकीचे आकडे अहवालात गेलेच असते, शेवटच्या क्षणी नजरेस पडले म्हणून वाचलो.

आता फाइलचा एमडी५ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) चंकच्या 'कॅश.एक्स्ट्रा' या पर्यायात दिलाय. डेटा वाचणारा चंक ताजा होतो, त्यावर अवलंबून असलेले पुढचे चंक मात्र जुनेच राहतात. तिथे 'डिपेंड्सऑन' (हा चंक कोणत्या चंकवर अवलंबून आहे ते सांगणारा पर्याय) हाताने लिहावं की 'ऑटोडेप'वर (हे अवलंबित्व आपोआप शोधणारा पर्याय) विसंबावं? फंक्शनच्या आत वापरलेली ग्लोबल व्हेरिएबल्स (फंक्शनच्या बाहेर ठरवलेली) 'ऑटोडेप'ला ओळखू येतात का? रँडम सीड (यादृच्छिक आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा) कसं सांभाळता, तेही सांगा.