माहेरी राहणाऱ्या बहिणीचा घटस्फोट आणि चर्चची शिकवण

प्रश्न (अचलपूर तालुका):
आमचे कुटुंब कॅथलिक आहे. माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मारहाणीमुळे चार वर्षांपूर्वी माहेरी आली आणि त्यानंतर त्याने दुसरी बाई घरात आणली. वकील घटस्फोटाचा अर्ज करायला सांगतात, तर देवाने जोडलेले माणसाने तोडू नये या वचनावर बोट ठेवून वडील नकार देतात. घटस्फोट घेतल्यास ख्रिस्तप्रसाद (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) बंद होतो, असे कोणीतरी सांगितल्यापासून ती मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, शेवटच्या बाकावर बसते आणि प्रसादाची रांग पुढे सरकू लागली की मुलाच्या बुटाची लेस बांधत बसते. नेमकी शिकवण काय आहे?

उत्तर (निवृत्त धर्मशिक्षक):
वचन खरे आहे, पण ते कोणाला सांगितले हे पाहावे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायात, कोणत्याही कारणावरून बायको टाकता येते का, असे विचारणाऱ्या परूश्यांना (एका यहुदी धर्मपंथाच्या लोकांना) येशूने ते उत्तर दिले. टाकणाऱ्या पुरुषाला अडवणारे वचन मार खाणाऱ्या बाईच्या दाराला कडी म्हणून लावणे मला पटत नाही. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विधिपूर्वक झालेला आणि सहवासाने पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूखेरीज सुटत नाही, हे चर्चचे म्हणणे ठाम आहे. मात्र जिवाला धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे, आणि मुलांचे पालनपोषण किंवा आपले हक्क राखण्यास दुसरा मार्ग नसेल, तर न्यायालयीन घटस्फोट घेणे पाप ठरत नाही. पहिले लग्न चर्चच्या दृष्टीने कायम असताना दुसरे केले, तर मात्र ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न येतो. तुमच्या बहिणीने रांगेत उभे राहावे.

उत्तर (यवतमाळ जिल्हा, प्रोटेस्टंट):
आमच्याकडे मत्तय 19:9 मधील व्यभिचाराचा अपवाद ग्राह्य धरून निर्दोष जोडीदाराला पुनर्विवाहाची परवानगी अनेक मंडळ्या देतात. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत तो अपवाद नाही, म्हणूनच हा वाद इतका जुना आहे. कायद्याचेही सांगतो. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या 1869 च्या कायद्यात बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, बहुधा त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे, आणि नवऱ्याला मात्र तेवढा एक व्यभिचार पुरे होता. 2001 च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे स्वतंत्र कारण झाले आहे.

उत्तर (निवृत्त धर्मशिक्षक):
एक भर घालतो. लग्नाच्या वेळीच संमती दबावाने किंवा फसवणुकीने मिळवली असेल, तर धर्मप्रांताच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) विवाह न्यायालयाकडे तो विवाह मुळातच अवैध ठरवण्याचा अर्ज करता येतो. हा घटस्फोट नव्हे, आणि नंतरची मारहाण एवढेच त्यासाठी पुरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये अशा निकालाला दुसऱ्या निकालाने दुजोरा मिळवण्याची सक्ती काढल्यामुळे वेळ वाचतो. परंतु चर्चच्या अशा निर्णयाने कायद्यातील विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून कोर्टाचा कागद वेगळा लागेलच. फसवणुकीचे विचारतो: नवऱ्याला दारूचे व्यसन असेल, तर ते लग्नापूर्वी तुमच्यापासून लपवले होते का?

प्रश्नकर्ता:
होय, मध्यस्थाला ते ठाऊक होते, हे आम्हाला नंतर कळले. लग्नाची नोंद सासरच्या चर्चमध्ये आहे. कापसाची वेचणी आटोपली की त्या नोंदीचा उतारा आणायला मीच जाईन. वडिलांना तुमचे पहिले उत्तर काल वाचून दाखवले, त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.