गावातून नागपूरला फुटबॉल बघायला जायचं तर गाडी मैदानापर्यंत नेऊच नये. पटतं का?

जाम चौरस्ता

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जामपासून आत. गावात फुटबॉलचा नाद जुना, आणि आता गावची दोन पोरं नागपूरच्या एका क्लबकडून लीग खेळतात. त्यामुळे त्यांचा मोठा सामना असला की अर्धं गाव जायला तयार. आदल्या रात्री पारावर वाद एकच: जायचं कसं? ठरत काही नाही. सकाळी ज्याची त्याची मोटारसायकल निघते, एकेकीवर तिघं, आणि मैदानाजवळ पोचल्यावर गाडी कुठं घुसवायची याची शोधाशोध. गेल्या मोसमात यशवंत स्टेडियमजवळ रस्त्याच्या कडेला गाड्या लावल्या होत्या. पहिला हाफ संपायच्या आत टोइंगवाल्यांनी त्यातल्या काही उचलल्या. ज्यांच्या गेल्या ते दुसऱ्या हाफमध्ये गोल बघायचे सोडून दंडाचे पैसे गोळा करत होते.

माझं म्हणणं असं, की गावानं मिळून एक क्रूझर, म्हणजे मोठी जीप, करावी, जास्त लोक झाले तर दोन. वर्धा रोडनं यायचं, बोरखेडीचा टोल ओलांडायचा, बुटीबोरी, जामठा मागे टाकायचं आणि खापरीला मेट्रो स्टेशनवर गाडी लावायची. तिथून मेट्रो अर्ध्या तासात सीताबर्डीला सोडते. सीताबर्डीचं इंटरचेंज मुंजे चौकात आहे, तिथून यशवंत स्टेडियम चालत. रेशीमबागेत किंवा मोतीबागला सामना असला तर बर्डीवरून ऑटो. उंच गाडीला खापरीला जागा मिळते का ते तेवढं आधी विचारून घ्यावं.

शहरात गाडी घालून मिळतं काय? सिग्नल, वन-वे, आणि एमएच ३२ ही वर्ध्याची पाटी पाहून हात दाखवणारा शिपाई.

पऱ्हाटी

भाऊ, कागदावर बेस आहे तुमचं. पण मोसम कोणता हे पाहा ना. सामने रंगात येते तवा आमची वेचणी असते. क्रूझरवाला सकाळी दहाले निघते, कारण एक जण तयार, दुसरा आंघोळीले गेला, तिसरा म्हणते डबा भरून घेतो. म्हणजे पूरा दिवस गेला. मोटारसायकलवाला साडेबारापर्यंत वावरात राहते, कापूस मोजते, अन् तीन वाजेपर्यंत मैदानावर हजर. वरून मोटारसायकलले टोल नाही. सामना पाहून लगेच वापस, कारण रात्री थ्री-फेजची लाइन आली तं ओलित करा लागते. तुमच्या क्रूझरमध्ये एकाले भूक लागली तं सगळे ढाब्यावर थांबते.

पार्किंगचं म्हणाल तं मैदानापासून दूर लावा अन् पायी जा. दोन किलोमीटर चालाले काय होते? वावरात दिवसभर चालतोच ना.

जाम चौरस्ता

@पऱ्हाटी, जाताना तुमचं खरं. येतानाचं बोला. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे परतीचा सगळा रस्ता अंधारात. हायवेवर हैदराबादकडचे ट्रक, आणि जामला वळून आत शिरलं की रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं. रोही लाइट पाहून थबकतो की उडी मारतो, हे त्यालाही ठाऊक नसतं. गिरडकडच्या रस्त्यावर तर वाघाच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यात एका गाडीवर तिघं, हेल्मेट एकाकडे, तेही हँडलला लटकलेलं.

स्टेअरिंग

मी भाड्याची गाडी चालवतो म्हणून बोलतो. मूळ मुद्दाच तुमच्या ध्यानात आलेला दिसत नाही. चालकासह गाडी केली तर पार्किंग लागतंच कशाला? मी माणसं राहाटे कॉलनीच्या चौकात उतरवतो आणि गाडी घेऊन परत वर्धा रोडनं बाहेर निघतो. चिंचभवनच्या पुढं कुठंही सावली पाहून झोपतो. सामना संपला की फोन करा, त्याच चौकात घ्यायला येतो. खापरीला गाडी लावा, जिने चढा, तिकिटं काढा, लहान पोरं सांभाळा, हे सगळं स्वतःची गाडी असणाऱ्यानं करावं.

आणखी एक. पैसे वाचवायला कोणी ट्रॅक्टरची ट्रॉली नाहीतर छोटा हत्ती काढायचं सुचवेल, दर वेळी कोणीतरी सुचवतंच. मालाच्या गाडीत माणसं बसवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो. लग्नाच्या वऱ्हाडाला चालतं म्हणून सामन्यालाही चालेल असं नाही. खरं तर वऱ्हाडालाही चालत नाही, पण तिथं कोणाला बोलणार.

जाम चौरस्ता

@स्टेअरिंग, उतरवून जाणं ठीक. घ्यायला येता तेव्हा काय करता? सामना सुटतो तेव्हा ऑफिसंही सुटलेली असतात. बारा-तेरा जण एकाच वेळी चौकात कधीच नसतात. कोणी तंबाखूचा खर्रा आणायला गेलेला, कोणी खेळाडूंसोबत फोटो काढतो आहे. तेवढा वेळ तुम्ही चौकात गाडी उभी ठेवणार, आणि मागून हॉर्न. मेट्रोचं बरं की मागे राहिलेला पुढच्या गाडीनं येतो, बाकीचे खापरीला चहा पितात.

स्टेअरिंग

खर्ऱ्याचा इलाज मेट्रोकडेही नाही, साहेब. तिथं तर आत न्यायलाच मनाई.

धंतोलीकर

गावची मंडळी माझ्यावर चिडतील, पण मी यशवंतच्या मागच्या बाजूला राहतो, तर माझंही ऐका. इथं दर चार घरांमागे एक दवाखाना आहे. दवाखान्यांच्या पार्किंगचा आमचा वाद हायकोर्टापर्यंत गेलेला आहे. सामन्याच्या दिवशी फाटकासमोर मोटारसायकली, हँडल लॉक करून मालक आत. माझ्या शेजारच्या आजींना रात्री दम लागला तेव्हा पाच जणांनी मिळून एक बुलेट उचलून बाजूला ठेवली, मग कुठं गाडी बाहेर निघाली.

@पऱ्हाटी म्हणतात दूर लावा आणि चाला. त्यांचं ते 'दूर' म्हणजे आमचं फाटक. आणि डिसेंबरात अधिवेशन भरलं की विचारूच नका. यशवंत स्टेडियम म्हणजे मोर्चे निघण्याची जागा, आजूबाजूचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. त्या पंधरवड्यात या भागात चारचाकी आणणारा माणूस एक तर आमदार असतो नाहीतर अडाणी.

मी पूर्णपणे जाम चौरस्ता यांच्या बाजूनं. गाड्या खापरीच्या अलीकडे आणूच नका.

पऱ्हाटी

धंतोलीकरजी, तुमची अडचण समजते. फाटकासमोर लावणारा चूकच. पण एक सांगा, धंतोलीतल्या त्या दवाखान्यात येणारे पेशंट कोणत्या गावचे हो? आमचेच. तवा आमच्या गाड्या चालते, अन् फुटबॉलले आलो तं आम्ही गर्दी. शहरानं मैदान बांधताना लोक येतीन कशानं याचा इचार केला नाही, अन् जबाबदारी गावावर.

धंतोलीकर

हे मात्र मान्य. पार्किंगची सोय मैदानाच्या मालकानं करायची, तुम्ही नाही. पण ती होईपर्यंत माझ्या फाटकाचं काय?

लाल डबा

कोणी एसटीचं नावच काढत नाही, कमाल आहे. पन्नासेक माणसं जमणार असतील तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर बस घ्या, लग्नाला घेता तशी. गाडी परवानगीची, चालक सरकारी, विमा पक्का. आणि थोडीच माणसं असतील तर जामवरून नागपूरच्या गाड्या सारख्या सुरू असतात. गणेशपेठला उतरा, तिथून यशवंतला पायी जाता येतं. २०२५ च्या जानेवारीत भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं हे खरं, पण बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. घरच्या बायकांना सामन्याला न्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर सांगतो.

राइट बॅक

लाल डबा, मी खेळलेला माणूस आहे, एसटीचा हिशोब मला पाठ. जायला एसटी उत्तम, येताना फसगत. जामपर्यंत याल, पुढं गावात जाणारी गाडी? आमच्या गावाला मुक्कामी गाडी येते, ती एकदा गावात शिरली की सकाळपर्यंत तिथंच. ती हुकली की जामच्या चौकात कोणाच्या तरी मागं बसून जायचं. म्हणजे पुन्हा मोटारसायकलच.

बघणारे लोक 'सामना दीड तासाचा' असं धरून निघतात. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस, मधले पंधरा मिनिटं, वर दुखापतींचा वेळ. दोन तास इथंच झाले. लीगचा साधा सामना बरोबरीत सुटला तर लोक घरी जातात. बाद फेरी असेल तर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाचा एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी, म्हणजे पाऊण तास आणखी. दिवे नसलेल्या मैदानावर हिवाळ्यात उजेड पुरत नाही म्हणून स्थानिक स्पर्धांत एक्स्ट्रा टाइम वगळून थेट पेनल्टी घेतात, तेही आयोजकांना आधी विचारून ठेवा. आणि सामना वेळेवर सुरू होईल हे तर धरूच नका. पाहुणे येतात, हार घालतात, दोन्ही संघांशी हस्तांदोलन करतात, मग कोणाला तरी दोन शब्द बोलायचे असतात.

म्हणून लीग असेल तर एसटी, बाद फेरी असेल तर स्वतःच्या भरवशाची गाडी. मेट्रो दहाच्या सुमारास बंद होते, दुपारच्या सामन्याला तेवढी पुरते. दिव्यातला सामना असेल तर मात्र खापरीला जायची शेवटची मेट्रो किती वाजता ते आधी पाहून ठेवा.

सिंदीची लेक

घरच्या बायकांना न्यायचा विचार @लाल डबा यांनी काढला म्हणून लिहिते. आमच्या शाळेच्या मुलींचा संघ आहे, आणि मी त्यांना नागपूरला सामने दाखवायला नेते. आम्ही सिंदीहून रेल्वेनं जातो. सिंदी, बुटीबोरी, खापरी, अजनी अशी लाइन सरळ आहे. अजनीला उतरलं की पार्किंग नाही, टोइंग नाही. फक्त परतीची गाडी हुकायला नको, म्हणून शेवटची दहा मिनिटं आम्ही बहुतेक वेळा बघतच नाही. मुलींना त्याचा फार राग येतो. मलाही येतो.

पण तुमच्या साऱ्या चर्चेत एक गोष्ट नाही. पुरुषांचं पार्किंग झालं की काम झालं. मुलींना न्यायचं तर आधी बघावं लागतं की मैदानावर स्वच्छतागृह उघडं आहे की कुलूप. कुलूप असतं, बहुतेक. मग आम्ही मेट्रो स्टेशनवर जातो. एवढ्या एका कारणासाठी मी मेट्रोच्या बाजूनं आहे, बाकी कोणी कुठंही गाडी लावा.

हावडा मेल

कामासाठी बरीच वर्षं कोलकात्यात होतो. १३ जुलै १९९७ ला, म्हणजे फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल सॉल्ट लेक स्टेडियमवर भिडले तेव्हा

हावडा मेल

अर्धवट गेलं. १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेकवर एक लाख एकतीस हजार लोक होते. एवढे लोक स्वतःच्या गाड्या घेऊन आले असते तर कोलकात्यात उभं राहायला जागा उरली नसती. लोक लोकल ट्रेननं आले, बसनं आले, ट्रकच्या टपावरही आले असतील. मोठा फुटबॉल जिथं रुजला तिथं तो रेल्वे आणि बसवर रुजला. मोटारसायकलवर आलेला प्रेक्षक पावसाला घाबरतो, रेल्वेनं आलेला नाही.

कोणाला एकदा ही डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांची लढत, बघायची असेल तर वर्ध्याहून हावड्याच्या गाड्या आहेत, सेवाग्राममध्ये नाहीतर वर्ध्यात गाडी स्टँडवर लावा आणि निघा. दिवसभराचा प्रवास आहे, पण तिथं 'पार्किंग कुठं' असं कोणी विचारत नाही.

पऱ्हाटी

हावडा मेलजी, कोलकात्यात दर पाच मिन्टाले लोकल येते. आमच्याकडे पाच तासाले एसटी. तुलना कायची करता राजेहो?

आर्वीवाला

आमच्याकडून समृद्धी जवळ. विरुळला चढायचं, शिवमडक्याला उतरायचं, तिथून खापरी लागूनच. पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आमच्याकडे मोटारसायकलचा वादच मिटला. एक सांगतो, त्या रस्त्यावर भाड्याचा चालक झोपेचा नाही ना, हे आधी पाहा. सरळ रस्ता आहे, डोळा लागतो.

जाम चौरस्ता

बऱ्याच जणांनी लिहिलं, बरं वाटलं. एक राहून गेलं ते टाकतो. फुटबॉलची तारीख ठरवताना क्रिकेटचं वेळापत्रकही पाहा. जामठ्याला भारताचा सामना असला की वर्धा रोड दुपारपासून तुंबतो, आणि आपला रस्ता तोच. त्या दिवशी क्रूझर असो की मोटारसायकल, जामठ्याच्या पुढं सरकत नाही. अशा दिवशी @सिंदीची लेक यांची रेल्वेच खरी.

@स्टेअरिंग यांचा उतरवून जायचा मुद्दा मला निम्मा पटला. दहा-बारा माणसं असतील तर ठीक. स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी मात्र मी खापरीवर ठाम आहे.

पऱ्हाटी

मी मोटारसायकलवर ठाम. पण धंतोलीकरजींच्या आजीचं वाचलं तवापासून डोक्यात आहे. बुटीबोरीत माझा साळा राहते. त्याच्या अंगणात गाड्या लावतो अन् पुढं एसटीनं येतो. संध्याकाळी तिथूनच चहा पिऊन वापस. तुमची मेट्रो नको, क्रूझर नको.

राइट बॅक

साळ्याच्या अंगणात किती गाड्या मावतील?

पऱ्हाटी

सहा. सातवी आणली तं त्याची बायको बोलते.

राइट बॅक

मग सातवी माझी आहे असं धरू नका, मी सिंदीहून येतो.